चाळणीतून आलेला उजेड

१९३२ या सालाशी छायाचित्रणाच्या इतिहासातल्या दोन परस्परविरोधी घटना जोडलेल्या आहेत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘ग्रुप एफ/६४’ या नावाने प्रदर्शन भरवलं. एफ/६४ म्हणजे भिंगापुढचं अगदी बारीक छिद्र. त्यातून टिपलेल्या चित्रात पायाजवळच्या दगडापासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत सगळं रेखीव येतं. त्याच वर्षी मुंबईत ‘कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. जे. एन. उनवाला हे तिच्यातलं आघाडीचं नाव. या मंडळींना हवं होतं ते नेमकं उलट: धुकं, कवडसे, कडा विरघळलेली माणसं, कोळशाने रेखाटल्यासारखी झाडं.

यावरून ‘जग पुढे गेलं तेव्हा आपण मागचं धरून बसलो’ असा निष्कर्ष सहज निघतो. मला तो पटत नाही. तो का पटत नाही हे सांगायचं तर आधी स्वयंपाकघरात आणि कपड्यांच्या गाठोड्यात शिरावं लागेल, कारण पिक्टोरिअलिस्ट म्हणजे चित्रवत छायाचित्रणाचं निम्मं साहित्य तिथलंच आहे.

या घरगुतीपणाची सुरुवात फार लवकर झाली. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई कलकत्त्यात १८१५ साली जन्मली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ च्या डिसेंबरात, तिच्या हातात पहिला कॅमेरा आला. इंग्लंडमधल्या घरी तिने कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ. भिंग फिरवत असताना चेहरा जिथे सुंदर दिसला तिथेच ती थांबे. आणखी रेखीव करण्यासाठी पुढे फिरवत नसे. तिला फोकस करता येत नाही अशी टीका झाली. पुढे तोच तिचा मोठेपणा ठरला. हेन्री पीच रॉबिन्सनने वेगळी वाट काढली. १८५८ साली त्याने पाच निगेटिव्ह एकत्र छापून मरणासन्न मुलीचं ‘फेडिंग अवे’ हे चित्र तयार केलं. पी. एच. एमर्सनने १८८९ मध्ये ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ लिहून डोळ्याला दिसतं तसं, म्हणजे मधला विषय स्पष्ट आणि भोवताल किंचित मऊ, टिपावं असं सांगितलं आणि पुढच्याच वर्षी आपली मतं मागे घेतली. १८९२ मध्ये लंडनला ‘लिंक्ड रिंग’ आणि १९०२ मध्ये न्यूयॉर्कला आल्फ्रेड स्टिग्लिट्झची ‘फोटो-सेसेशन’ उभी राहिली. या सगळ्यांचा आग्रह एकच: यंत्राने काढलं तरी ते चित्र आहे, आणि त्यात हाताचा भाग आहे.

हा हाताचा भाग कशाकशाने साधला? एडवर्ड स्टायकेनने तरुणपणी भिंगावर पाण्याचे थेंब सोडून पाहिले, उघडझाप चालू असताना तिपाईला हलकी लाथ मारून पाहिली. १९०४ च्या त्याच्या ‘द पाँड – मूनलाइट’ या चित्रात प्लॅटिनमच्या छपाईवर डिंकाचा थर आहे. डिंक म्हणजे अक्षरशः डिंकच. बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक पाण्यात विरघळवायचा, त्यात जलरंग आणि पोटॅशियम बायक्रोमेट मिसळून कागदावर फासायचं, वाळवून निगेटिव्हखाली उन्हात धरायचं. जिथे ऊन लागतं तिथला डिंक घट्ट होतो, उरलेला साध्या पाण्यात धुऊन जातो. ब्रशने हवा तिथे जास्त धुता येतो. पॅरिसचा रॉबेर देमाशी या पद्धतीचा उस्ताद होता.

पण माझं लक्ष छपाईपेक्षा भिंगापुढे धरायच्या वस्तूंवर आहे. त्या काळच्या इंग्रजी हस्तपुस्तकांत ‘बोल्टिंग सिल्क’ या कापडाची शिफारस येते. हे कापड फोटोग्राफीसाठी विणलेलं नव्हतं. ती पिठाच्या गिरणीत मैदा चाळायची रेशमी जाळी. निगेटिव्ह आणि कागद यांच्यामध्ये किंवा एन्लार्जरच्या भिंगाखाली ती धरली की कडा मऊ होत आणि चित्रावर विणीचा पोत उमटे. जर्मन भाषक जगातला हाइनरिश क्यून तर थेट चाळणीवरच गेला. त्याच्या प्रयत्नांतून १९३० च्या सुमारास रोडेनस्टॉक कंपनीचं ‘इमागॉन’ भिंग आलं. त्यात छिद्राऐवजी एक चकती बसवतात. मध्ये मोठं भोक आणि भोवती बारीक भोकांचं कडं. मधल्या भोकातून येणारे किरण रेखीव प्रतिमा देतात, कडेच्या भोकांतून येणारे तिच्याभोवती मऊ वलय घालतात. चकती फिरवली की बारीक भोकं झाकली जातात आणि वलय कमी होतं. जर्मनमध्ये या चकतीच्या नावातच चाळणी हा शब्द आहे.

जाणूनबुजून अंधुक केलेलं चित्र आणि नुसतं बिघडलेलं चित्र यांतला फरक इथे आहे. फोकस चुकला की एकेका बिंदूचा सपाट ठिपका होतो, सगळं सारखंच पुसट. या भिंगांत मात्र रेखीव गाभा शाबूत राहतो आणि त्यावर प्रकाशाची साय धरते. डोळ्यांतली चमक दिसते, पण पापण्यांशी ती विरघळते.

मी राहतो ते मुरुड दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं, जंजिऱ्याचं नव्हे. (हा खुलासा आम्हाला पाकिटावर पत्ता लिहितानाही करावा लागतो.) इथे गेले दोन हिवाळे मी या वस्तू एकेक करून तपासल्या. साधन साधं आहे: पुठ्ठ्याची काळी पेटी, पुढे जवळचं वाचायच्या चष्म्याचं चार नंबरचं भिंग, मागे प्लेटऐवजी ब्रोमाइडचा कागद. एक मीटर भागिले नंबर हा भिंगाचा हिशेब, म्हणजे चार नंबरचं भिंग पंचवीस सेंटिमीटरवर प्रतिमा धरतं. हाफ-प्लेट आकाराला ते पुरतं. ब्रोमाइडचा कागद निळा उजेड ओळखतो आणि तांबडा ओळखत नाही, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या प्लेटची नजर कशी होती ते घरबसल्या कळतं.

ती नजर कोकणाला फार क्रूर होती. जांभ्याची भिंत जवळजवळ काळी आली, आकाश कोरं पांढरं, माडांच्या झावळ्या काळपट. कपाळावरचं कुंकू काळं आलं, आणि हळदही काळीच, कारण पिवळा रंग निळा उजेड गिळतो. जुन्या फोटोंतल्या आज्या-पणज्यांच्या कपाळावर काजळाचा टिळा लावल्यासारखं दिसतं ते यामुळे. सावळी माणसं त्यात होती त्याहून कितीतरी काळी उतरत आणि मग स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून त्यांना उजळ करत. आपल्या घरांतल्या फोटोंतला गोरेपणा आणि काळेपणा दोन्ही अशा रीतीने प्लेटच्या आंधळेपणातून आलेले आहेत.

यावरचा उपाय म्हणजे पिवळा फिल्टर. बर्लिनच्या हेर्मान फोगेलला १८७३ मध्ये आढळलं, की प्लेटच्या थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर ती हिरवा-पिवळा उजेडही ओळखू लागते. १८८० च्या दशकात अशा ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा बाजारात आल्या, आणि १९०६ मध्ये ‘रॅटन अँड वेनराइट’ने तांबडाही ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा काढल्या. पिवळी काच निळा उजेड अडवते, त्यामुळे आकाश थोडं गडद होऊन ढग दिसू लागतात. मी स्पिरिटमध्ये हळद भिजवून, गाळून, तो अर्क जिलेटिनच्या पातळ पापुद्र्याला पाजला. रंग सुरेख आला. पेटीपुढे धरल्यावर मात्र उघडझाप कित्येक पटींनी वाढली आणि चित्र होतं तसंच राहिलं. ते तसंच व्हायला हवं होतं: ज्याला पिवळं दिसतच नाही त्याच्यापुढे पिवळी काच धरून काय उपयोग? तोच पापुद्रा सध्याच्या कृष्णधवल फिल्मपुढे धरला तेव्हा हर्णैच्या बाजूचे ढग उठून आले. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही हे लुगडी धुणाऱ्या कुणालाही माहीत आहे. काही दिवस उजेडात राहिलेला पापुद्रा फिकट पडला.

कापडाची गोष्ट वेगळी. त्याला प्लेट कोणती याची पर्वा नसते. धोतराचं जुनं मऊ पान, मच्छरदाणीची पांढरी जाळी, काळी जाळीदार ओढणी अशी तीन कापडं मी एकाच चेहऱ्यापुढे, एकाच खिडकीशी धरून पाहिली. पांढरं कापड स्वतःच उजेड पकडतं आणि सगळ्या चित्रावर दुधाची झाक आणतं. सावल्या राखाडी होतात. काळी जाळी सावल्या काळ्याच ठेवते, फक्त उजळ जागांना वलय देते. जाळीतून पाहिलेल्या दिव्याला चार टोकांची चांदणी फुटते आणि ती टोकं विणीच्या धाग्यांना काटकोनात असतात, म्हणून जाळी फिरवली की चांदणीही फिरते. साध्या काचेवर व्हॅसलीन फासलं तर उजेड बोटांच्या फटकाऱ्यांना आडवा पसरतो. (ते भिंगावर कधीही फासू नये.) चष्म्याच्या एकट्या भिंगाची आणखी एक खोड आहे. आपला डोळा पिवळ्या उजेडात फोकस ठरवतो, कागद निळ्यात पाहतो, आणि निळ्याची प्रतिमा काही मिलिमीटर अलीकडे पडते. परिणामी डोळ्याला नीट दिसलेलं चित्र कागदावर आपोआप मऊ उतरतं. पुठ्ठ्याच्या चकतीला दाभणाने भोकं पाडून मी क्यूनची चाळणीही करून पाहिली. भोकं सारखी पडली नाहीत, तरी वलय आलं.

या उद्योगातून संशोधनाला उपयोगी अशी एक गोष्ट पक्की झाली. ती भौतिकशास्त्रात उघडच आहे, पण जुने फोटो पाहताना आपण वापरत नाही. जाळी कॅमेऱ्यापुढे धरली असेल तर उजेड सावलीत सांडतो: पांढऱ्या लुगड्याची कड काळ्या पडद्यावर चमकते. जाळी छपाईच्या वेळी, एन्लार्जरखाली धरली असेल तर उलटं होतं. निगेटिव्हमध्ये सावली पारदर्शक असते, उजेड तिच्यातून येतो आणि तोच पसरतो. म्हणून कागदावर काळोख उजेडात सांडतो. काळ्या केसांची धूसर कड पांढऱ्या पडद्यावर उतरते. म्हणजे एखाद्या फोटोतलं धुकं कुठे घातलं गेलं, खिडकीशी की डार्करूममध्ये, हे फोटोलाच विचारता येतं. भिंगावरची बुरशी मात्र वेगळी ओळखू येते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, कपाटात ठेवलेल्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. त्याने सगळ्या चित्राचा काळेपणा उतरतो, गाभा आणि वलय असा भेद राहत नाही. आणि कागदच विटला असेल तर ते बहुधा कडांकडून सुरू होतं.

आता मुंबईकडे वळू. ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ १८५४ ची. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सदस्य. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नामांकित व्यावसायिक झाले. त्याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सनने १८६० च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींचं दोन भागांचं पुस्तक काढलं. त्यातली माणसं स्टुडिओत टिपलेली आणि पाठीमागची देवळं, घाट, रस्ते दुसऱ्या निगेटिव्हमधून आणून जोडलेले आहेत. रॉबिन्सनची युक्ती इथे कलेऐवजी वंशशास्त्राच्या कामाला जुंपली. १८९० च्या दशकात शापूर भेडवार या पारशी छायाचित्रकाराने लंडनला शिक्षण घेऊन ‘द फीस्ट ऑफ रोझेस’ सारख्या चित्रमाला केल्या. पारशी घरातल्या माणसांना पोशाख, फुलं, गालिचे यांसह रंगमंचावरच्या प्रवेशासारखं मांडलेलं त्यांत दिसतं. लंडनच्या प्रदर्शनांत त्याचं कौतुक झालं. हिंदुस्थानी पिक्टोरिअलिझमचा पहिला ठळक माणूस म्हणून मी त्याच्याकडे बोट दाखवीन.

मराठी माणूस यात कुठे आहे? दादासाहेब फाळक्यांकडे पाहावं. ते आपल्याला सिनेमापुरते आठवतात. पण जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले फाळके आधी छायाचित्रकार होते, पुढे तिरंगी ठसेछपाईचे जाणकार. तिरंगी छपाई म्हणजे फिल्टरांचंच काम: एकच चित्र तीन रंगांच्या काचांतून तीनदा टिपायचं आणि त्यावरून तीन ठसे करायचे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वेलाची वाढ त्यांनी घरीच एकेक चौकट टिपून दाखवली. दादरच्या त्या घरात फिल्म धुण्याची रसायनं सरस्वतीबाई मिसळत, फिल्मला भोकं त्याच पाडत, आणि चित्रण चालू असताना नटांवर ऊन परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत. फिल्टर उजेड गाळतो, चादर परतवते. दोन्ही उजेडाला वळण लावण्याचे घरगुती मार्ग. छायाचित्रणाच्या इतिहासात कंपन्यांची भिंगं नावानिशी नोंदली जातात, कारण त्यांच्या जाहिराती आणि पावत्या असतात. धोतराच्या पानाची पावती नसते. चादर धरणाऱ्या बाईचं नावही श्रेयनामावलीत येत नाही. सरस्वतीबाईंचं काम आपल्याला ठाऊक आहे ते त्या फाळक्यांच्या पत्नी होत्या म्हणून.

याच काळात दुसऱ्या टोकाला गिरगावात स्टुडिओ असलेले नारायण विनायक वीरकर आहेत. १९१९ मध्ये त्यांनी जालियनवाला बागेच्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा टिपल्या. तिथे मलमल चालली नसती. एकेक भोक मोजता येणं हाच त्या फोटोंचा अर्थ. पिक्टोरिअलिझमवरचा माझा मुख्य आक्षेपही इथूनच येतो. १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या त्या शैलीच्या हिंदुस्थानी चित्रांत धुळीतून घरी परतणारी गुरं, पहाटेच्या धुक्यातले कोळी, डोक्यावर मोळी घेतलेली बाई हे विषय पुन्हा पुन्हा येतात. धुक्यात मोळीचं वजन दिसत नाही. हर्णैच्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. टोपली उचलणाऱ्या बाईच्या मानेच्या शिरा ताणलेल्या असतात. वलय घातलं की त्या शिरा पहिल्यांदा जातात. ‘प्रकाशाची कविता’ म्हणून ज्याची वाहवा झाली त्यात पुष्कळदा दुसऱ्याचे कष्ट गाळले गेले, हे म्हटलंच पाहिजे.

तरीही १९३२ च्या मुंबईला मागासलेली म्हणायला मी तयार नाही. ॲडम्सच्या डोंगरांवरची हवा कोरडी आणि पारदर्शक. आमच्याकडे मार्चपासून समुद्रावर जी बाष्पाची साय धरते तिच्यात सुवर्णदुर्गाचा तट किनाऱ्यावरूनच विरघळलेला दिसतो, भिंगापुढे काहीही न धरता. रेखीव तट दाखवणारा फोटो त्या दिवसापुरता तरी कमी खरा असेल. शिवाय एफ/६४ वाल्यांचं मोठं कॅमेरा-साहित्य प्रत्येकाला परवडणारं नव्हतं. साधं भिंग आणि कापडाचा तुकडा हौशी माणसाच्या आवाक्यातला होता. १९३७ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली, पुढच्या दशकांत गावोगावी हौशी मंडळं आणि स्पर्धा आल्या, आणि मऊ चित्राची आवड त्यांतून बराच काळ टिकली. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये जर्मन छायालेखक योसेफ विर्शिंग ‘अछूत कन्या’ (१९३६) चित्रित करत होता. पडद्यावरच्या नायिकांचे मऊ उजेडातले चेहरे पाहून आलेली माणसं स्टुडिओत तसाच फोटो मागत असतील तर नवल नाही. कोकणातले चाकरमानी बोटीने हर्णैला उतरताना ट्रंकेत असे फोटो आणत. ते माजघरात लागले.

हे फोटो आता स्कॅन होत आहेत. चांगलीच गोष्ट आहे, वाळवी थांबत नाही. मागच्या वर्षी आमच्या आळीतल्या एका घरातला आजीचा फोटो तालुक्याच्या ठिकाणी ‘साफ’ करायला दिला होता. परत आला तो चेहरा रेखीव, कातडी गुळगुळीत, डोळे नवेच, कुंकू तांबडं रंगवलेलं. घरातल्यांना आवडला. मी मूळ फोटो मागून खिडकीशी नेला. केसांची काळी कड पडद्यावर सांडलेली होती, अगदी सारखी, डावीकडे आणि उजवीकडे. चेहऱ्यावरच्या वलयाखाली डोळ्यांचा गाभा रेखीव होता. म्हणजे निगेटिव्ह स्वच्छ होती आणि छापणाऱ्याने डार्करूममध्ये, अंधारात उभं राहून, काहीतरी जाळीदार मध्ये धरलं होतं. सॉफ्टवेअरने नेमकं तेच डाग समजून काढलं.

स्कॅन करणाऱ्यांना मी आता तीन गोष्टी सांगतो. पहिलं स्कॅन कुठलीही सुधारणा न करता ठेवा. कागदाची मागची बाजूही स्कॅन करा, तिथे स्टुडिओचा शिक्का असतो. आणि सांडलेल्या कडेचा एक तुकडा मोठ्या प्रमाणावर वेगळा घ्या, कारण विणीचा ठसा सापडलाच तर तिथे सापडतो. त्या आजीच्या कानाशेजारी, खाली डावीकडे, भिंगातून पाहिल्यावर बारीक चौकटी दिसतात. एका सेंटिमीटरमध्ये मी बावीस मोजल्या.